वरचें दूध : शिशुदुग्धाचे प्रकार आणि त्यांच्या इतिहासाचीं साधनें

(१)

मराठींत तान्ह्या मुलाच्या दुधाचे भेद दोनच. एक अंगावरचें दूध, दुसरें वरचें दूध. आईच्या स्तनांतून आलें तें अंगावरचें. गाईचें, शेळीचें, म्हशीचें किंवा पत्र्याच्या डब्यांतील भुकटीचें, तें सर्व वरचें. या दुसऱ्या शब्दाच्या पोटांत आज इतके भेद सामावले आहेत कीं, औषधांच्या दुकानांतील फळी पाहून चांगला शिकलेला गृहस्थही गोंधळून जावा. एका डब्यावर १ हा आंकडा, दुसऱ्यावर २. एक सोयाबीनचा, एक दुग्धशर्करा काढून टाकलेला, एक केवळ अपुऱ्या दिवसांच्या मुलाकरितां. सामान्य समजूत अशी कीं, हे भेद किंमतीचे किंवा प्रतवारीचे असावेत आणि महाग डबा तो चांगला. ही समजूत चुकीची आहे. यांतील प्रत्येक प्रकार एका विशिष्ट अडचणीचें उत्तर म्हणून जन्मास आला आहे, व बहुतेक प्रकारांच्या मागें आजारी पडलेल्या किंवा दगावलेल्या मुलांची हकीकत आहे. ती हकीकत कळली म्हणजे प्रकार आपोआप कळतात, असें आमचें म्हणणें असून तें प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

हा विषय वैद्यांचा, इतिहाससंशोधकांचा नव्हे, असा आक्षेप येणें शक्य आहे. त्यास उत्तर असें कीं, ज्या दफ्तरांत आपण सनदा, महजर व वंशावळी शोधतों, त्या वंशावळींतील प्रत्येक नांव प्रथम कोणाच्या तरी दुधावर जगलेलें असतें. वंश खुंटला, दत्तक घेतला, वतन दुसऱ्या शाखेकडे गेलें, या नोंदींच्या मुळाशीं पुष्कळदां एका तान्ह्या मुलाचा मृत्यु असतो. तें मूल काय पीत होतें, हें मात्र कागद क्वचितच सांगतो.

(२)

प्रथम ग्रंथांतील क्रम पाहूं. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत धात्रीचा, म्हणजे दूध पाजणाऱ्या दाईचा, विचार विस्तारानें केलेला आहे. तिचें वय, प्रकृति, शील, तिचें स्वतःचें मूल जिवंत असणें, या सर्वांची परीक्षा सांगितली आहे. दुधाची परीक्षा वेगळी. तें पाण्याच्या भांड्यांत पिळावें. पाण्याशीं एकजीव झालें तर चांगलें समजावें. त्यास फेंस येऊं नये, तंतु सुटूं नयेत, तें तरंगूं नये व बुडूंही नये, असें सुश्रुताचें लक्षण आहे. एकाच मुलास अनेक दायांचें दूध पाजल्यास तें न मानवून व्याधि होतात, असा इशाराही तो देतो. आणि मुलावरील माया हेंच पान्हा सतत वाहण्याचें कारण, असें निदानस्थानांत स्पष्ट म्हणतो.

आई नाहीं, दाईही मिळत नाहीं, अशा वेळीं काय करावें? सुश्रुत व वाग्भट दोघेही शेळीचें किंवा गाईचें दूध सांगतात. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानाच्या प्रारंभींच तें दूध लघुपंचमुळानें सिद्ध करून साखर घालून द्यावें, असें विधान केलें आहे. याच ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली, हें वाचकांस विदित आहेच. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. जनावराचें दूध जसेंच्या तसें देऊं नये, त्यावर संस्कार करावा, ही पहिली. त्यांत साखर वाढवावी, ही दुसरी. आजच्या रसायनशास्त्राप्रमाणें आईच्या १०० मिलिलिटर दुधांत साखर सुमारें ७ ग्रॅम व प्रथिन सुमारें १ ग्रॅम असतें. गाईच्या दुधांत साखर पावणेपांच ग्रॅमच्या आसपास, पण प्रथिन तिपटीहून अधिक. म्हणजे साखर घालण्याचें विधान योग्य दिशेचें होतें. परंतु यावरून वाग्भटास आधुनिक प्रमाण ठाऊक होतें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. क्षीरपाकांत घातलेलें पाणी शेवटीं आटवून टाकतात; त्यामुळें प्रथिनाचें प्रमाण कमी होत नाहीं. प्राचीनांस जें ठाऊक होतें तेवढेंच त्यांच्या पदरीं घालावें, अधिक घालूं नये.

बालरोगांवरील स्वतंत्र संहिता म्हणजे काश्यपसंहिता. ती नेपाळांत सांपडलेल्या एका ताडपत्रावरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें छापिली. नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांचा विस्तृत उपोद्घात तीस जोडलेला आहे. पोथी जीर्ण, पुष्कळ पानें गहाळ. त्यांतून वांचलेल्या भागांत लेहाध्याय आहे. कोणत्या मुलांस चाटण द्यावें याची यादी त्यांत असून, जिच्या अंगावर दूध नाहीं, थोडें आहे किंवा दूषित आहे, अशा आईच्या मुलांचा निर्देश तेथें येतो. एका पोथीवर एका शास्त्राचा केवढा भाग अवलंबून राहिला, याचें हें उदाहरण संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

ग्रंथांतील क्रम असा : आई, मग पारखलेली दुसरी स्त्री, मग संस्कार केलेलें जनावराचें दूध. हा क्रम पुढें उपयोगी पडणार आहे.

(३)

आतां व्यवहार पाहूं. मराठ्यांच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध धात्री म्हणजे कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला. सईबाईसाहेब ५ सप्टेंबर १६५९ रोजीं वारल्या. बाळ राजांस दूध पाजण्यासाठीं धाराऊची योजना झाली, व तिचे पुत्र अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ झाले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. दूधआई, दूधभाऊ हे शब्दच सांगतात कीं, दुधानें नातें जडतें असें आपला समाज मानीत होता.

सामान्य घरीं दाई परवडत नसे. तेथें बाळंतिणीस आळीव, डिंक, खारीक देऊन तिचेंच दूध वाढविण्याचा यत्न करीत. तें न साधल्यास वरचें दूध बोंडल्यानें पाजीत. बोंडलें म्हणजे चोंच असलेलें लहान धातूचें पात्र, ऐपतीप्रमाणें चांदीचें किंवा पितळेचें. बाळगुटी उगाळावयाची सहाण, चोंचीचें बोंडलें व पाळणा या तीन वस्तूंवर जुन्या घरांतील बाळपणाचा इतिहास लिहितां येईल. बोंडल्याचा एक गुण असा कीं, तें उघडें असल्यामुळें घांसून स्वच्छ करतां येतें. पुढें आलेल्या बाटलीचें व रबरी बोंडाचें तसें नाहीं.

आमचें अंजनवेल वाशिष्ठीच्या मुखावर दक्षिण बाजूस आहे, समोर दाभोळ. आंग्रे, पेशवे व १८१८ नंतर इंग्रज असे धनी पाहिलेला गोपाळगड गांवाच्या माथ्यावर आहे. किल्ल्याच्या नांवांत गोपाळ असला तरी या जांभ्याच्या कातळावर गाईचें दूध कधींच विपुल नव्हतें. कोंकणची गाय आंगानें लहान व चिवट, दुधाला बेताची; २०१८ सालीं ‘कोकण कपिला’ या नांवानें तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. म्हणून शेळीचें दूध, आणि उष्टावणानंतर भाताची पेज व नाचणीचें सत्त्व, हाच येथील मुलांचा आधार. नाचणीस मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून सत्त्व करितात. मोड आल्यानें धान्यांतील पिष्ट फुटूं लागतें, त्यामुळें खीर पातळ राहते व पचण्यास हलकी होते. पुढें युरोपांत ज्या युक्तीनें डबाबंद शिशुअन्नाचा व्यापार सुरू झाला, ती युक्ति हीच. मात्र सुश्रुत अन्नप्राशन सहाव्या महिन्यांत सांगतो, हें विसरूं नये. त्यापूर्वींच्या मुलास पिष्ट पचत नाहीं.

(४)

१८६५ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यानें गव्हाचें पीठ, मोड आणलेल्या धान्याचें पीठ, गाईचें दूध व पोटॅशियमचा क्षार यांचें एक शिशुअन्न प्रसिद्ध केलें. १८६७ सालीं स्वित्झर्लंडांतील व्हेव्हे येथें हेन्री नेस्ले यानें दूध, भाजलेलें गव्हाचें पीठ व साखर यांची भुकटी विक्रीस आणिली; तींत पाणी घातलें कीं झालें. त्यापूर्वीं १८५६ सालीं अमेरिकेंत गेल बोर्डेन यास आटविलेल्या दुधाचें पेटंट मिळालें होतें, आणि १८८३ सालीं हॉर्लिक बंधूंनीं माल्टयुक्त दुधाचें पेटंट घेतलें. हा वरच्या दुधाचा पहिला कारखानी वर्ग : पिठाचीं व आटविलेलीं दुधें.

या वर्गाचा दोष लवकरच उघड झाला. १८८३ सालीं लंडनचे डॉक्टर टॉमस बार्लो यांनीं तान्ह्या मुलांतील रक्तपितीचें, म्हणजे स्कर्व्हीचें, वर्णन केलें. हिरड्या सुजणें, हाडाशीं रक्त सांचणें, पाय हलवितांच किंचाळणें, अशीं लक्षणें. १८९८ सालीं अमेरिकेंतील बालरोगवैद्यांच्या सभेनें अशीं ३७९ मुलें गोळा करून अहवाल छापिला. ज्यांच्या पोटीं सधन घरांतलें विकतचें अन्न जात होतें, अशीं मुलें त्यांत पुष्कळ होतीं. तापवून, आटवून, डब्यांत भरलेल्या अन्नांत क जीवनसत्त्व उरत नव्हतें, हें कारण पुढें विसाव्या शतकांत कळलें. ड जीवनसत्त्वाच्या अभावीं मुडदूसही असाच येई. म्हणजे डब्यावर आज जीवनसत्त्वांची जी लांबलचक यादी छापलेली असते, ती शोभेची नाहीं. ती या मुलांच्या आजारांची यादी आहे.

दुसरा मार्ग बोस्टनच्या टॉमस मॉर्गन रॉच यानें १८९० नंतरच्या दशकांत काढला. गाईच्या दुधांत पाणी, साय व साखर मोजून मिसळावी, व प्रत्येक मुलास त्याचें प्रमाण लिहून द्यावें, असा त्याचा आग्रह. अशा लेखी प्रमाणास फॉर्म्युला म्हणूं लागले, आणि चिठ्ठीचें नांव पुढें दुधासच चिकटलें. लॅटिनमध्यें फॉर्मा म्हणजे साचा व फॉर्म्युला म्हणजे लहान साचा, ठरीव पाठ. आपल्या वैद्यकांतील ‘योग’ हा शब्द अर्थानें त्याच्या फार जवळ आहे. जुन्या बाडांत एखाद्या काढ्याचा पाठ लिहिलेला असतो, तसाच हा दुधाचा पाठ.

तिसरी पायरी १९१५ सालची. क्लीव्हलंड येथील गर्स्टेनबर्गर व त्यांचे सहकारी यांनीं गाईच्या दुधांतील लोणी काढून त्याजागीं इतर स्निग्धांचें मिश्रण व माशाचें तेल घातलें, साखर दुग्धशर्करेनेंच वाढविली, आणि एकंदर बेरीज आईच्या दुधाशीं जुळविली. आजचा साधा डबा याच कुळांतला. १९६० च्या सुमारास त्यांत आणखी एक सुधारणा झाली. गाईच्या दुधांतील प्रथिनांत सुमारें चारपंचमांश केसीन, म्हणजे दह्याची कवडी धरणारा भाग असतो. आईच्या दुधांत निवळीचा भाग अधिक. म्हणून निवळीचें प्रमाण वाढविलेलें दूध निघालें. लोह घातलेलें दूध १९५९ चें.

(५)

आपल्या प्रांतांत हा डबा मुंबईच्या मार्गानें आला. न्यूझीलंडच्या जोसेफ नेथन यांच्या घराण्यानें वाळविलेल्या दुधास ग्लॅक्सो हें नांव १९०६ सालीं नोंदविलें, व त्याच्या वितरणासाठीं १९२४ सालीं हिंदुस्थानांत एच. जे. फॉस्टर ही पेढी स्थापन झाली. त्या जाहिरातींतील गुबगुबीत मुलांवरून ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द मराठींत रूढ झाला. १९५५ सालीं आणंद येथें हरिचंद दलाया यांनीं म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली. तें होण्यासारखें नाहीं, असें परदेशी तज्ज्ञ म्हणत होते. पुढें त्या दुधाचें शिशुअन्न निघालें आणि ‘अमूल बेबी’ हा दुसरा शब्द पहिल्याच्या शेजारीं येऊन बसला. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिन गाईहूनही अधिक. तें मुलास मानवेल असें करण्याची प्रक्रिया म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधनसंस्थेनें बसविली. मुटकुळें अंगाचें मूल तें निरोगी, ही समजूत या दोन शब्दांनीं किती घट्ट केली, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनीं करावा.

परंतु ज्या मुंबईंत ही जाहिरात लागे, त्याच मुंबईंत गिरणींत काम करणाऱ्या बाया मुलांस निजवून ठेवण्यासाठीं अफूची बाळागोळी देत. १९२० नंतरच्या दशकांतील तपासणींत ही गोष्ट पुढें आली. १९२१ सालीं मुंबईचा बालमृत्यूचा आंकडा हजारीं सुमारें ६६६ असा नोंदला गेला. हा आंकडा जसाच्या तसा घेतां येत नाहीं. कारण गिरणगांवांतील पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास मुलुखांत, म्हणजे रत्नागिरी व साताऱ्याकडे, जात. जन्म येथें नोंदला जाई व परत गेल्यावर झालेला मृत्यु मुंबईंत. भाजक लहान झाल्यानें भागाकार फुगे. तरी तो कितीही कमी करून घेतला, तरी भयंकरच राहतो. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूति-साहाय्याचा कायदा झाला, तो या पार्श्वभूमीवर. बाळंतिणीस कांहीं आठवडे सवेतन घरीं राहूं देणें हाही दुधाचाच प्रश्न होता.

आमच्या खाडींत माल येई तो दाभोळच्या आगबोटीनें. पावसाळ्याचे महिने ती बंद. डबा मिळाला तरी तो किती पुरवावा हा प्रश्न उरेच, आणि डबा पुरवावयाचा म्हणजे भुकटी कमी व पाणी जास्त. वरच्या दुधाचा सर्वांत मोठा धोका येथें आहे. पाणी अधिक झालें तर मूल पोटभर पिऊन उपाशी राहतें. पाणी गढूळ असलें तर हगवणीनें दगावतें. भुकटी दाटही करूं नये. त्यानें मुलाच्या मूत्रपिंडावर ताण पडतो. डब्यांतील मापाचा चमचा त्याच डब्यासाठीं असतो, दुसऱ्या डब्यास लावूं नये, ही गोष्ट लहान दिसते. पण तिच्यावर जीव अवलंबून आहे.

(६)

आतां प्रकार सांगणें सोपें झालें.

साधें शिशुदुग्ध : गाईच्या किंवा म्हशीच्या दुधापासून केलेलें, जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतचें, डब्यावर बहुधा १ हा आंकडा असतो. १०० मिलिलिटरमध्यें सुमारें ६७ उष्मांक, म्हणजे आईच्या दुधाएवढेच. निरोगी मुलास वरचें दूध द्यावेंच लागलें तर हेंच पुरेसें होय.

पुढचें दूध : सहा महिन्यांनंतरचें, २ या आंकड्याचें. यावेळीं उष्टावण झालेलें असतें, म्हणून हें दूध अन्नाचें पूरक आहे, स्थानापन्न नव्हे. आंकडा चढला म्हणून गुण चढला असें नाहीं.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाचें दूध : प्रथिन, चुना व उष्मांक वाढविलेलें, १०० मिलिलिटरमध्यें ८० च्या आसपास. हें रुग्णालयांत वैद्याच्या देखरेखीखालीं द्यावयाचें.

प्रथिन फोडलेलें दूध : गाईच्या दुधाचें प्रथिन ज्यास सोसत नाहीं, रक्त पडतें किंवा अंगावर पित्त उठतें, अशा मुलासाठीं. १९४२ सालीं अमेरिकेंत न्यूट्रामिजेन हें पहिलें असें दूध निघालें. यांत अल्प फोडलेलें, पूर्ण फोडलेलें व केवळ अमिनो आम्लांचें असे चढते भेद आहेत. अल्प फोडलेलें दूध खऱ्या असह्यतेवर उपयोगी नाहीं, हें ध्यानांत असावें.

सोयाबीनचें दूध : बाल्टिमोरच्या जॉन रूरा यांनीं १९०९ सालीं सोयाबीन मुलांस देऊन पाहिलें. ज्या मुलास जन्मतः गॅलॅक्टोज पचत नाहीं त्यास हें लागतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलास देऊं नये.

दुग्धशर्करारहित दूध : तीव्र हगवणीनंतर आंतड्यांतील शर्करा पचविणारा पाचकरस कांहीं काळ कमी होतो, तेव्हां थोडे दिवस. दुग्धशर्करा न सोसणें व दुधाचें प्रथिन न सोसणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत फार होते.

दाट केलेलें दूध : वारंवार ओकणाऱ्या मुलासाठीं, तांदळाचें पिष्ट किंवा तत्सम पदार्थ घालून.

विशिष्ट व्याधीचीं दुधें : १९५३ सालीं बर्मिंगहॅम येथें हॉर्स्ट बिकेल यांनीं फेनिलकीटोनमेह झालेल्या मुलीस फेनिलअलनीन कमी केलेल्या आहारानें सुधारलेलें दाखविलें. अशीं दुधें औषधच समजावीं.

शेळीच्या दुधाविषयीं स्वतंत्र सांगितलें पाहिजे, कारण ग्रंथाधार व कोंकणचा व्यवहार दोन्ही त्याच्या बाजूचे आहेत. शेळीच्या दुधांत फोलिक आम्ल फारच थोडें असतें. केवळ त्यावर वाढविलेल्या मुलांस पांडुरोग होतो, हें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांत दिसून आलें. म्हणून कच्चें किंवा नुसतें तापविलेलें शेळीचें दूध वर्षाच्या आंतील मुलाचें मुख्य अन्न करूं नये. शेळीच्या दुधापासून शास्त्रीय रीतीनें केलेलें शिशुदुग्ध ही वेगळी वस्तु. मधाचेंही तसेंच. जातकर्मांत मध-तूप चाटविण्याचें विधान असलें, तरी मधांतील एका जंतूच्या बीजांपासून तान्ह्या मुलास पक्षाघातासारखा विकार होऊं शकतो, हें आतां सिद्ध झालेलें आहे. ग्रंथाचा आदर म्हणजे ग्रंथाचा शब्द मुलाच्या तोंडांत घालणें नव्हे.

भुकटी जंतुरहित नसते, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं असें सांगितलें कीं, उकळलेलें पाणी ७० अंशांच्या खालीं जाण्यापूर्वीं भुकटी मिसळावी, म्हणजे तींतील जंतु मरतात. मग दूध निववून लगेच पाजावें व उरलेलें टाकून द्यावें.

(७)

डबा मुलांस तारतो, तसा व्यापार त्यांस मारूंही शकतो. १९३९ सालीं सिंगापूर येथें डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनीं मुलांसाठीं गोड आटविलेलें दूध विकण्याच्या प्रघातास भर सभेंत खुनाचें नांव दिलें. २००३ सालीं इस्राएलांत विकल्या गेलेल्या एका सोया दुधांत ब१ जीवनसत्त्व नसल्यानें मुलें दगावलीं. २००८ सालीं चीनमध्यें प्रथिन जास्त दिसावें म्हणून दुधांत मेलामाइन मिसळलें गेलें. सहा मुलें मेलीं व सुमारें तीन लक्ष आजारी पडलीं. २१ मे १९८१ रोजीं जागतिक आरोग्य परिषदेनें या मालाच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. भारतानें १९८३ सालीं आपली संहिता केली, आणि १९९२ चा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून अमलांत आला. २००३ सालीं तो आणखी कडक झाला. या कायद्यानें शिशुदुग्धाची जाहिरात बंद केली. डब्यावर मुलाचें किंवा स्त्रीचें चित्र नको, आईच्या दुधासारखें असें सुचविणारा शब्द नको, आणि आईचें दूध सर्वोत्तम ही सूचना मात्र ठळक हवी. ग्लॅक्सो बेबीचें चित्र आज कायद्यानें काढतां येणार नाहीं. स्तनपानाच्या प्रसारासाठीं झटणारें राष्ट्रीय मंडळही १९९१ सालीं आपल्या वर्ध्यासच स्थापन झालें.

या सर्वांहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरी घटना. २७ नोव्हेंबर १९८९ रोजीं मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनीं मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडांतील ही पहिली. जिला दूध अधिक आहे अशा मातेची रक्तपरीक्षा करावयाची, तिचें दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून जंतुरहित करावयाचें, व तें ज्या अशक्त मुलाच्या आईस दूध नाहीं त्यास द्यावयाचें. चरकाची धात्रीपरीक्षा व संस्कार यांचेंच हें नवें रूप होय. मूल्य न घेतां दिलेलें हें दूध पाहिलें म्हणजे ग्रंथांतील मधली पायरी, जी डब्याच्या काळांत लोपली होती, ती परत आली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(८)

शेवटीं संग्राहकांस विनंति. वरच्या दुधाच्या इतिहासाचीं साधनें आपल्या हातांतूनच जात असतात. घराण्यांच्या जमाखर्चांत दाईच्या नांवें पडलेलें वेतन, लुगडें, खण. बाडांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहिलेले गुटीचे व दूध वाढविण्याचे पाठ. सुइणींस दिलेल्या बिदागीच्या नोंदी. या ओळी राजकीय मजकूर नाहीं म्हणून उतरून घेतल्या जात नाहींत. मासिकांचीं वर्षें बांधतांना बांधणारा जाहिरातींचीं पानें काढून टाकतो. मुलांच्या अन्नाच्या जाहिराती नेमक्या त्याच पानांत असतात. जुने पत्र्याचे डबे खिळे व सुतळी ठेवण्यास राहतात, पण त्यांवरील कागदी वेष्टन, ज्यावर घटक, वय व कृति छापलेली असे, तें गळून जातें. बोंडलीं मोडींत घातलीं जातात. यांतील कांहीं हातीं लागल्यास कोणत्या घरचें, कोणत्या सालचें, एवढें टिपून ठेवावें. काश्यपसंहितेचीं हरवलेलीं पानें आपण आणूं शकत नाहीं. पण या शंभर वर्षांचीं पानें अजून घरोघर पडून आहेत.

आणि ज्यांच्या घरीं तान्हें मूल आहे त्यांनीं डबा पोथीसारखा वाचावा : प्रथम मूळ काय, गाय, म्हैस कीं सोयाबीन, मग वयाचा आंकडा, मग काय काढलें व काय घातलें, मग कृति व शेवटची तारीख. कारणावांचून पाठ बदलूं नये, आणि कारण आहे कीं नाहीं हें वैद्यास विचारावें. अंगावरचें दूध असतांना वरच्याकडे वळूं नये, हा नियम चरकापासून आजच्या कायद्यापर्यंत एकमतानें सांगितलेला आहे. ज्या आईस तें नाहीं, तिला दोष देऊं नये, हेंही त्याच परंपरेचें शिकवणें आहे. नाहीं तर तिच्या मुलासाठीं धात्री, शेळी व गाय यांचा विचार आचार्यांनीं इतक्या काळजीनें केलाच नसता.